सिद्धूच्या गाठीचा एडका

महादेवप्पा एडका घेऊन दारात आला तेव्हा चिमाबाईने आधी एडक्याला ओवाळलं आणि मग भावाला. गडबडच तेवढी झाली. तिच्या लक्षात येईतो एडक्याच्या कपाळाला कुंकू लागलं होतं आणि महादेवप्पा मान पुढे करून तसाच उभा होता.

"मला बी लाव की तंगी," तो बहिणीला म्हणाला. "अक्कलकोटास्नं मी बी चालतच आलोय."

सामाईक विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणापासून महादेवप्पाने बहिणीच्या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं. मधल्या काळात त्याच्या दाजींनी, म्हणजे मायाप्पाने, मंगळवार पेठेतलं घोंगड्यांचं दुकान वाढवलं, धाकट्या भावाला, धोंडीरामला, मुंबईला धाडून डॉक्टर करून आणलं, सोलापुरात मार्शल लॉ आला आणि उठला; पण मेव्हणा काही आला नाही. आज आला तो लेकीला, फुलाबाईला, नवं लुगडं नेसवून, नारळ, साखर, हळकुंडं आणि कळपातला सगळ्यांत देखणा एडका घेऊन.

कारण निरोपच तसा होता. घोंगड्या पोचवायला गेलेल्या गाडीवानाने सांगितलं होतं, "डाक्टर म्हणलेत, सिद्धूच्या गाठीसाठी एक चांगला एडका घिऊन या. तरणा, धडधाकट पायजे. गड्ड्याच्या जत्रेआदी उरकायचं हाय."

सिद्धूची, म्हणजे चिमाबाईच्या लेकाची, गाठ म्हणजे लग्नाची गाठ. ती फुलाबाईशीच पडायची, हे दोघं रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. त्यात एडका कशाला, हे महादेवप्पाला नीट कळलं नव्हतं. पण शहरात राहून सोयऱ्यांनी काही नव्या रीती काढल्या असतील, आणि त्या विचारून आपलं अडाणीपण का दाखवा, म्हणून तो गप्प राहिला. चिमाबाईलाही वाटलं, दिराने न बोलता दोन घरांतलं वैर मिटवलं. तिने सकाळीच पुरण घातलं होतं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतल्या दवाखान्यातून धोंडीराम बाहेर आला. बाह्या वर, हाताला कार्बोलिकचा वास.

"वा! उत्तम!" तो एडक्याला म्हणाला. महादेवप्पाला त्याने रामराम घातला तो एडक्याच्या मागे जाऊन, खाली वाकून.

"डाक्टर, दातं हिकडं हायती," महादेवप्पा म्हणाला.

"दातांशी कर्तव्य नाही. दोन्ही अगदी सारख्या आहेत. सुरेख! उद्या सकाळी उरकून टाकू."

"आज न्हाय? आज दीस चांगला हाय."

"आज उपाशी ठेवायचं."

"एडक्याला?"

"सिद्धूला."

नवऱ्या मुलाने आदल्या दिवशी उपास करायचा, ही रीत महादेवप्पाला आवडली. "चांगलं हाय," तो म्हणाला. "देवाचं हुतंय."

"आणि वैनी, त्या वेळी बायकांपैकी कुणी आत यायचं नाही."

"आत्ता!" चिमाबाई म्हणाली. "मग कुंकू कोण लावायचं?"

"कुंकू नाही, आयोडीन लावतात."

इथे महादेवप्पाने खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली. रीती नव्या असाव्यात, पण कुठवर?

*

खुलासा व्हायला बराच वेळ लागला, आणि झाल्यावर आधीचंच बरं होतं असं सगळ्यांना वाटलं.

ओसरीवर घोंगडी अंथरून मंडळी बसली. मायाप्पा भिंतीला टेकून, समोर मेव्हणा, उंबऱ्यात चिमाबाई. फुलाबाई एडक्याला घेऊन परसात गेली होती. आणि खांबापाशी सिद्धनाथ, म्हणजे सिद्धू, बसला होता. बसल्यावरही तो उभ्या माणसाएवढा दिसे. धोंडीराम मध्ये उभा राहून बोलत होता. मुंबईला शिकलेली माणसं घरातसुद्धा उभी राहून बोलतात, हे त्या घराला एव्हाना सवयीचं झालं होतं.

"माणसाच्या अंगात गाठी असतात," तो म्हणाला. "त्यांतून रस झरतो. त्या रसावर ताकद, उमेद, सगळं चालतं. फ्रान्सातला एक सर्जन माकडाच्या गाठीचे काप माणसात शिवतो. म्हातारे जिने चढायला लागलेत म्हणे. पण म्हाताऱ्याला तरुण करण्यात विशेष काय? मी तरुणाला अधिक तरुण करणार. गड्ड्याच्या कुस्त्यांत दिसेलच."

"ही गाठ एडक्याला असती कुटं?" मायाप्पाने विचारलं.

धोंडीरामने शास्त्रीय निर्विकारपणे बोट केलं. बोट परसातल्या एडक्याकडे होतं, पण सगळ्यांनी सिद्धूकडे पाहिलं. चिमाबाईने पदर तोंडाला लावला.

"पर त्याला झालंय काय?" महादेवप्पा म्हणाला.

"काही नाही. मी तपासलंय. छाती, फुप्फुस, लघवी, सगळं उत्तम."

"मग इलाज कसला?"

"काही झालं नाही म्हणूनच तर! आजारी माणसावर करून काय उपयोग? त्याची सगळी ताकद बरं होण्यातच जाते. निरोगी माणूस म्हणजे काही शेवट नाही, मामा. तिथून खरी सुरुवात आहे."

हे वाक्य फारच शिकलेलं होतं. महादेवप्पा उठला आणि बहिणीला चुलीपाशी घेऊन गेला.

"तंगी, खरं सांग. पोरात काय कमी हाय का?"

"काय बोलतोस आण्णा! सकाळी चार भाकरी खाऊन जोर मारायला जातंय त्ये."

"मग बरोबर तितलीच गाठ का बशवाय लागलेत? हाताची का न्हाय? पायाची का न्हाय?"

आपल्या मुलाला काही झालेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण काही झालेलं नाही असं आता डॉक्टरही म्हणत होता, शिवाय सुरी उकळत होता. तेव्हा तिला पहिल्यांदाच शंका आली.

दोघं परत आली तेव्हा ओसरीवर वेगळंच चाललं होतं. धोंडीरामने बोलता बोलता सांगून टाकलं होतं की त्याच फ्रान्सच्या सर्जनने एडक्यांमध्येही एकेक जादा गाठ बसवली आणि त्यांची लोकर वाढली, असं छापून आलंय. मायाप्पा भिंत सोडून ताठ बसला होता.

"लोकर वाढली?"

"असं म्हणतात."

"आरं मग माणसात कशाला घालतोस, बाबा? एडक्याचं काढून एडक्यात घाल की! ताकदीचं मरू दे. लांब लोकर घावत न्हाय हल्ली."

"दादा, विषय सिद्धूचा आहे."

"आन् सिद्धूच्या अंगावर लोकर आली म्हंजे?" चिमाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

मायाप्पाने मुलाकडे पाहिलं. बाजारात आलेल्या नव्या मालाकडे बघावं तसं क्षणभर, नकळत, पाहिलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो खाकरला.

"तसं काय हुत न्हाय. व्हय का रं धोंडिबा?"

"शक्यता फार कमी," धोंडीराम म्हणाला. त्याने 'नाही' म्हटलं नाही, हे फक्त आईच्या लक्षात आलं.

पण बोलणं इतक्यावर थांबलं नाही. एकदा वाढवून मिळतंय म्हटल्यावर कोण गप्प बसतो? मायाप्पा म्हणाला, गुडघे-बिडघे आपले ठणठणीत आहेत, अजून सिद्धेश्वराच्या तळ्याला न थांबता फेरी मारतो. म्हणजे डॉक्टरच्या हिशेबाने आपणही बसतोच की. महादेवप्पाची शंका अजून फिटली नव्हती, पण त्यानेही हळूच विचारून घेतलं, "आवाज वाढवून मिळंल का? वारं सुटलं की मेंढरास्नी हाळी पोचत न्हाय."

"कानाची गाठ हाय का भावजी?" चिमाबाई म्हणाली. "बाईमाणसाचं ऐकू येण्याची? आसंल तर ह्या दोघांना आजच बशवा. मी धरते."

धोंडीराम गोंधळला. मुंबईला त्याला रोगी 'नाही' कसे म्हणतात ते शिकवलं होतं. घरची धडधाकट माणसं रांग लावतील हे कुणी शिकवलं नव्हतं. मघापर्यंत सगळे त्याच्या विरुद्ध होते, आता सगळे बाजूने होते, आणि त्याला मघाचंच सोपं वाटलं.

*

घोटाळा खरा सुरू झाला तो महादेवप्पाच्या एका साध्या प्रश्नाने.

"डाक्टर, ही गाठ आत गेली, म्होरं काय हुतंय तिचं?"

"जुळते. रक्त धरते." धोंडीरामला हा प्रश्न आवडला. "एकजीव होते. म्हणजे मग ती एडक्याची राहतच नाही, किंवा सिद्धूही थोडा... म्हणजे रक्त एकच होतं म्हणा ना."

"रक्त एक हुतंय."

"अगदी एक."

महादेवप्पाने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मुंडासं काढून तो फक्त दुखवट्याला बसे, म्हणून चिमाबाई दचकली.

"मग ही सोयरीक हुत न्हाय," तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"दाजी, तुमी शहाणं हायसा, तुमीच बगा. ह्यो एडका माझ्या कळपातला. कानाला आमच्या कुळीची खूण. त्याची आय मेली तवा फुलीनं त्याला बोळ्यानं दूध पाजलंय. माझ्या फुलीला पाठचा भाऊ न्हाय. दर सालच्या भाऊबीजेला ती ह्येलाच ओवाळती. दादा म्हणती त्याला. आता दादाची गाठ सिद्धूत गेली, रक्त एक झालं. मग सिद्धू तिचा कोण झाला?"

चिमाबाईने कपाळाला हात लावला.

"मामा, एडका जनावर आहे!" धोंडीराम ओरडला.

"आज सकाळी मी त्याला ओवाळलं," चिमाबाई पुटपुटली. "भाचा म्हणूनच की."

"पन आदी लगीन लावू, गाठ मागनं घालू," मायाप्पा म्हणाला. लोकरीचा विषय त्याच्या डोक्यातून अजून गेला नव्हता.

"म्हंजे आदी नवरा, मागनं भाऊ? अय्यो! कुटं फेडायचं हे?"

"तसं न्हवं. एडका तिचा भाऊ, म्हंजे सिद्धूचा मेव्हणा." मायाप्पा बोटांवर नाती मोजू लागला आणि मध्येच थांबला. "म्हंजे मेव्हण्याचं कापून दाजीत घालायचं. त्ये बी बरं दिसत न्हाय."

तो स्वतः दाजी होता आणि समोर मेव्हणा बसला होता. दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली.

धोंडीरामने घाम पुसला. मुंबईच्या कॉलेजात कलम न जुळण्याची सगळी कारणं त्याने पाठ केली होती. त्यांत भाऊबीज नव्हती. "ठीक आहे," तो म्हणाला. "मंगळवारी बाजारातून दुसरा एडका आणू. अनोळखी."

"अनोळखी? त्याचं देवक काय? कुळी कुठली?" आता मायाप्पा मेव्हण्याच्या बाजूला गेला होता. "बाजारातलं जनावर कोन सांगणार हाय? उद्या आमच्याशी न जुळणारं निगालं तर सगळ्या भावकीत तोंड दाखवाय जागा न्हाय."

"मग माकडच आणतो! माकडाला देवक नसतं!"

मायाप्पाने दोन्ही कानांना हात लावले. सिद्धू पहिल्यांदाच खांबापासून पुढे सरकला; तालमीत शिरल्यावर पहिला नमस्कार मारुतीला असतो, आणि त्याचंच काही अंगात येणार असेल तर पैलवानाला आणखी काय हवं?

"काका, ह्ये चालंल," तो म्हणाला.

"चालंल?" चिमाबाईचा आवाज चढला. "आरं मारुती ब्रह्मचारी हाय!"

"आँ?" महादेवप्पा म्हणाला. "म्हंजे लगीन झाल्यावर माझ्या लेकीनं काय करायचं? दर शनवारी त्येल घालायचं?"

त्यानंतर तिघं एकदम बोलू लागली आणि धोंडीराम चौथा. मुंबईला जाऊन सुधारलेली त्याची भाषा अर्ध्या वाटेत सुटली. "आरं कशाचं मारुती आन् कशाचं दादा! गाठ हाय ती, गाठ! कापलेली फोड!" असं तो ओरडला, तेव्हा मायाप्पाला भाऊ बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखा वाटला.

या गलबल्यात सिद्धू उठून परसात गेला. ज्याच्या अंगाबद्दल भांडण होतं तो उठून गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

परसात लोकर धुऊन वाळत घातली होती. फुलाबाई एडक्याच्या पाठीतली काटेकुसळं काढत बसली होती. ओसरीवरचं सगळं तिला ऐकू येत होतं; महादेवप्पाचा आवाज त्याला वाटे तेवढा लहान नव्हता.

"तू माझा भाऊ हुणार म्हणं," ती वर न बघता म्हणाली.

सिद्धू धुण्याच्या दगडावर बसला. "मीच काकाला म्हणलं हुतं," तो म्हणाला. "त्यानं न्हाय काढलं. मी गेलतो त्याच्याकडं."

"कशाला?"

सिद्धूला जास्त बोलायची सवय नव्हती. जे थोडंफार बोलायचं ते तो मातीत बोले. "मागल्या गड्ड्याला मंगळवेढ्याच्या कुंडलिकनं मला पाडलं. ढाकंचा डाव मारला आन् पाट मातीला लावली. मला वाटलं, माझ्या अंगात काय तर दुखणं आसंल. म्हणून काकाला दाखवलं. त्यो म्हणला, काय बी न्हाय. सगळं झ्याक हाय." त्याने हाताचा पंजा उघडून त्याच्याकडे पाहिलं. "झ्याक हाय तर मग मी पडलो कशानं? दुखणं आसतं तर औषीद घेतलं आस्तं. काय बी झालं नसताना पडलो, त्याला काय करायचं?"

फुलाबाईने एक काटा काढून बाजूला टाकला.

"मी हुते तितं," ती म्हणाली.

"कुटं?"

"गड्ड्यात. आप्पाबरोबर आलते, लांब बसलेलो. विहिरीमुळं तुमच्या मंडळींत आलो न्हाय." ती थांबली. "सगळी तुला हसत हुती. शिट्ट्या मारत हुती. आन् तू गुडघ्यावर बसून मातीत काय तर हुडकत हुतास."

"ताईत," सिद्धू म्हणाला. "कुंडलिकचा. झटापटीत तुटला. त्याच्या आयनं बांधलेला आसनार, म्हणून."

"घावला?"

"घावला की. दिला त्याला."

"त्याच रातीला मी आप्पाला म्हणलं, विहिरीचं सोडा आता. सोयरीक हितंच करायची." 

सिद्धूच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावपेच समजून घेताना पडायच्या तशाच. "मला पडल्यालं बगून?"

"व्हय."

"का?"

"मला काय इचारतोस का म्हणून!" ती एकदम फणकारली. तिचे कान लाल झाले होते. "आन् आता तू कापून घेणार, शिवून घेणार, आन् दुसराच कोन तर हूण येणार. मी व्हय कुणाला म्हणलं हुतं? त्या दुसऱ्याला ठाव तरी आसंल का?"

सिद्धूने एडक्याकडे पाहिलं. एडका खरोखरच देखणा होता. मग तो उठला, खाली वाकला आणि एडक्याला पायांसकट उचलून त्याने खांद्यावर घेतलं. एडक्याने लाथा झाडल्या. सिद्धूला त्याचं काही वाटलं नाही.

*

ओसरीवर प्रकरण आता विहिरीवर आलं होतं. सिद्धू आत शिरला, मधोमध गेला आणि त्याने एडका अलगद महादेवप्पाच्या मांडीवर, मुंडाशावर, ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं पोरगं तुमी सांबाळा. मला जावयच ऱ्हाऊ द्या."

महादेवप्पाने हे वाक्य एकदा मनात म्हणून पाहिलं. मग उलटं करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी त्यात खोट सापडेना. एडक्याच्या पोटाखालून त्याने मुंडासं ओढून काढलं, झटकलं आणि डोक्याला गुंडाळलं.

"चिमे," तो म्हणाला, "साकर आण."

चिमाबाई साखर घेऊन आली ती धावतच. मधल्या वेळात कुणाला नवीन काही सुचू नये, ही तिची धडपड होती. तिने फुलाबाईला हाताला धरून आणली, सिद्धूशेजारी बसवली आणि मुहूर्त न बघता कुंकू लावून टाकलं.

"अहो पण माझी हत्यारं उकळून तयार आहेत!" धोंडीराम म्हणाला. त्याची भाषा पुन्हा मुंबईला निघाली होती. "निदान शास्त्रासाठी तरी! सिद्धू नाही तर नाही. या घरात दुसरं कोण धडधाकट आहे?"

मायाप्पाने दोन्ही हातांनी गुडघा धरला. "काल रातीपास्नं लई ठणकतोय," तो म्हणाला. महादेवप्पाला खोकला आला, आणि एकदा आला तो थांबेना. डॉक्टर वहिनीकडे वळला तर ती कानावर हात ठेवून म्हणाली, "मला काय बी ऐकू येत न्हाय भावजी, कवाधरनं."

साखर तोंडात विरेपर्यंत सिद्धूला कुस्तीची आठवण झाली नाही. मग झाली. गड्डा तोंडावर आला होता. कुंडलिक मंगळवेढ्याला जोर काढत असणार. आणि आपल्या अंगात सकाळी जे होतं तेच आत्ताही आहे, वर गुंजभरही नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

"औंदा बी पडलो तर?" त्याने हळूच विचारलं.

फुलाबाईने पदर सावरला. ओसरीवर सगळे खोकत होते, त्यामुळे तिचं बोलणं दुसऱ्या कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मी म्होरं बसणार हाय औंदा," ती म्हणाली.